मोटारीच्या सुट्या भागांची खरेदी (भारत)

खासगी मोटारीचा झिजलेला, तुटलेला किंवा निकामी झालेला भाग बदलण्यासाठी लागणारा माल भारतातील मोटारमालक साधारणपणे पाच ठिकाणांहून घेतो : उत्पादक कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र, सुट्या भागांचे दुकान, ओळखीचे गॅरेज, काढीव मालाचा (म्हणजे जुन्या गाड्यांतून काढलेल्या भागांचा) बाजार आणि इंटरनेटवरील विक्रीस्थळे. यांपैकी कोणाकडे जायचे, हे मालकाच्या आवडीनिवडीपेक्षा गाडीचे वय, हमीची शिल्लक मुदत, भागाचा प्रकार आणि विमा यांवरून ठरते. मालकाची पसंती असा शब्दप्रयोग येथे सैलपणेच करावा लागतो, कारण मजुरी स्वस्त असलेल्या या देशात स्वतःच्या हाताने भाग बदलणारे मालक थोडे आहेत. भाग बसवणारा मेकॅनिकच बहुधा तो आणतो आणि त्याची किंमत बिलात मजुरीच्या वरच्या ओळीत येते.

मोटार-कंपन्या आपल्या गाडीतील पुष्कळसे भाग स्वतः बनवत नाहीत. फिल्टर, ब्रेक, दिवे, बेअरिंग, इंजेक्टर, रबरी नळ्या हे सारे पुरवठादार कारखान्यांतून येते, आणि असे अनेक कारखाने महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक व वाळूज या पट्ट्यांत आहेत. त्यामुळे एकाच कारखान्यातला भाग बाजारात दोन वेष्टनांत मिळू शकतो : मोटार-कंपनीच्या नावाच्या खोक्यात आणि पुरवठादाराच्या स्वतःच्या नावाच्या खोक्यात. दुसरा बहुधा स्वस्त पडतो. जाणकार मालक व अनुभवी मेकॅनिक यांचा कल या दुसऱ्या खोक्याकडे असतो आणि तो योग्यही आहे. मात्र गाडीत मुळात कोणत्या कारखान्याचा भाग होता हे ठाऊक असले पाहिजे. तिसरी प्रत स्वतंत्र उत्पादकांच्या मालाची, जिला बाजारात ‘लोकल’ म्हणतात. ती कायदेशीर असते आणि तिचा दर्जा उत्तमापासून टाकाऊपर्यंत कसाही असू शकतो. नामांकित कंपनीचे नाव व होलोग्राम छापून विकलेला बनावट माल हा मात्र निराळा प्रकार असून व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार तो गुन्हा ठरतो. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, स्पार्क प्लग अशा वरचेवर बदलाव्या लागणाऱ्या वस्तूंत बनावट मालाचा सुळसुळाट अधिक असतो.

गाडी हमीत असेपर्यंत बहुतेक मालक अधिकृत सेवा केंद्र सोडत नाहीत. बाहेर काम केल्यास हमी जाईल ही भीती त्यामागे असते. मारुती सुझुकीने २०२४ मध्ये आपली मूळ हमी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत वाढवली. अशा प्रत्येक वाढीबरोबर मालक कंपनीच्या छताखाली राहण्याचा काळही लांबतो. या भीतीचा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे २०११ साली एका तक्रारीच्या निमित्ताने आला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार-कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात मिळू देत नाहीत आणि त्यामुळे स्वतंत्र गॅरेजांचा मार्ग अडतो, असा आयोगाचा निष्कर्ष होता. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. कंपन्यांनी या आदेशाविरुद्ध वरच्या पातळीवर दाद मागितली आणि प्रकरण अनेक वर्षे रेंगाळले. त्यानंतर केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटार-उद्योगाचा समावेश आहे. तरीही सामान्य मालकाला आयोगाचा आदेश ठाऊक नसतो. सेवा केंद्रातील सल्लागाराने जॉब कार्ड (कामांच्या नोंदीचा कागद) भरताना जे सांगितले तेच तो प्रमाण मानतो.

हमी संपली की मालक ओळखीच्या गॅरेजकडे वळतो, आणि तेथून पुढे निवड मेकॅनिकच्या हाती जाते. छापील कमाल किंमत आणि दुकानदार मेकॅनिकला लावतो तो दर यांत फरक असतो. तो फरक मेकॅनिकचा. याला कमिशन म्हणून नाके मुरडण्याची पद्धत असली, तरी चुकीचा भाग आल्यास परत नेणे, बसवलेला भाग बिघडल्यास पुन्हा खोलणे आणि उधारी सांभाळणे ही जबाबदारी त्याचीच असते. मालकाने स्वतः आणलेला भाग बसवताना मेकॅनिक ‘गॅरंटी माझी नाही’ असे आधीच सांगून टाकतो, ते याच हिशेबाने. जेथे मेकॅनिक छापील किंमत अस्सलची लावतो आणि माल लोकल घालतो, तेथे मात्र तक्रारीला जागा आहे. रिकामे खोके आणि काढलेला जुना भाग दाखवायला सांगणे हा त्यावरचा जुना आणि अजूनही उपयोगी पडणारा उपाय होय.

स्वतः दुकानात जाणाऱ्यांसाठी प्रत्येक मोठ्या शहरात ठरलेली पेठ असते. पुण्यात ती नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट, बंगळुरूत जे. सी. रोड. अशा दुकानाच्या काउंटरवर गाडीचे नुसते नाव सांगून भागत नाही. पेट्रोल की डिझेल, कोणत्या सालचे मॉडेल, कोणते व्हेरिएंट, हे विचारून झाल्यावर चासी क्रमांक मागितला जातो, कारण एकाच नावाच्या गाडीत साल बदलले की ब्रेक पॅडचा आकार किंवा सेन्सरच्या जोडणीतील पिनांची संख्या बदललेली असू शकते. जुना भाग बरोबर असेल तर दुकानदार तो काउंटरवर नव्याशेजारी ठेवतो, बोल्टची भोके एकमेकांवर धरून पाहतो, क्लिपची बाजू तपासतो आणि मगच खोके पुढे सरकवतो. इंटरनेटवरील खरेदीत ही पडताळणी मालकाला स्वतः भागाचा क्रमांक शोधून करावी लागते. त्यामुळे वायपर, फिल्टर, दिव्यांचे बल्ब, चटया अशा न चुकणाऱ्या वस्तूंसाठी ती सोयीची ठरली. क्लच किंवा सस्पेन्शनसाठी लोक अजूनही दुकानच गाठतात.

अपघातात मोडलेल्या भागांचे गणित विम्यामुळे वेगळे होते. मोटार विम्याच्या प्रचलित नियमांनुसार रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा (वापराने उतरलेली किंमत) कापला जातो, फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने त्याचा निम्मा खर्च मालकावर पडतो. ‘झिरो डेप’ (घसारा न कापणारे जादा) संरक्षण घेतले असेल तर बहुतेक भागांवर ही कपात होत नाही. असे संरक्षण असलेला मालक विमा कंपनीच्या रोकडरहित यादीतील (जेथे बिल कंपनी परस्पर भागवते अशा) केंद्रातच गाडी नेतो आणि भाग कोठून आला याची चौकशी करण्याचे त्याला कारण उरत नाही.

काढीव मालाचे बाजार हे जुन्या गाड्यांचे आधारस्थान आहे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट आणि कोलकात्यात मलिक बाजार ही त्यांतली ठळक नावे. प्रीमियर पद्मिनी ज्या कुर्ल्यात बनत होती, तेथेच पुढे मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकणारी दुकाने असावीत, हा योगायोग मोठा बोलका आहे. उत्पादन थांबल्यानंतरही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या. उत्पादन बंद पडलेल्या गाडीचा दरवाजा, गिअरबॉक्स किंवा काच नव्याने मिळणे कठीण असते, तेव्हा असा बाजार हाच मार्ग उरतो. चोरीच्या गाड्या येथे सुट्या होऊन विकल्या जातात हा आरोप मात्र जुना आहे. उत्तर प्रदेशातील मेरठच्या सोतीगंज बाजारातील दुकाने पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये याच कारणावरून बंद केली. त्याच वर्षी केंद्र सरकारने नोंदणीकृत वाहन-भंगार केंद्रांचे नियम अधिसूचित केले.

किमतीच्या बाजूने २०२५ मध्ये मोठा बदल झाला. वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून अनेक सुट्या भागांवर २८ टक्के, तर काहींवर १८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व भागांवर सरसकट १८ टक्के कर आला. बिलासह विकणारा दुकानदार आणि बिलाविना विकणारा यांच्या दरांतील दरी त्यामुळे काहीशी कमी झाली.

नव्या गाड्यांत खरेदीचे ठिकाण तंत्रज्ञानच ठरवू लागले आहे. चिपची किल्ली, इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, एअरबॅगचा नियंत्रक अशा भागांची गाडीशी संगणकीय ओळख करून द्यावी लागते आणि त्यासाठीचे सॉफ्टवेअर बहुतांशी अधिकृत केंद्राकडेच असते. दुसऱ्या गाडीतून काढलेला असा भाग धडधाकट असूनही पुष्कळदा चालू होत नाही. विजेवरील मोटारींच्या मुख्य बॅटरीबाबत तर बहुतेक मालकांना कंपनीखेरीज दुसरा पर्याय अद्याप नाही.