पार्श्वभूमी : सुसर, मगर आणि केमन

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या रायबाग तालुक्यात एका घराच्या छपरावर चढून बसलेल्या प्राण्याचा फोटो देशभर फिरला. वर्तमानपत्रांनी 'मगर' लिहिलं. कुडची, उगार, अंकलीकडच्या नदीकाठच्या मळीच्या रानात मात्र ती सुसरच. शेजारचा कानडी माणूस 'मोसळे' म्हणून मोकळा होतो. दक्षिण अमेरिकेतल्या केमन या मगरीसारख्या प्राण्याच्या जीवाश्माची बातमी मराठीत आली की तिलाही 'मगरीचा जीवाश्म' म्हणतात आणि गोंधळात भर पडते.

पुस्तकी मराठीत मगर वेगळी, सुसर वेगळी. सुसर म्हणजे लांब, चिमट्यासारख्या जबड्याचा, मासे खाणारा घडियाल. पण घडियाल गंगा, सिंधू, ब्रह्मपुत्रा, महानदी या नद्यांचा. कृष्णेत तो नाहीच. इथल्या माणसानं नदीत जे जनावर पाहिलं त्याला सुसर म्हटलं, आणि त्यात त्याची चूक कसली? ज्यानं घडियाल कधी पाहिला नाही त्याला 'ही सुसर नव्हे' असं शहरातून शिकवायला येणं मला तरी उफराटंच वाटतं.

गंमत म्हणजे याच घडियालापाशी अभ्यासकही वर्षानुवर्षं अडले. हाडं तुलनेला घेतली की घडियाल सगळ्या हयात मगरवर्गीयांपासून सर्वांत आधी फुटलेली फांदी ठरतो; डायनोसोरांच्या काळातले लांब जबड्याचे जीवाश्म त्याचे पूर्वज धरले जात. डीएनए वेगळंच सांगतो. त्यानुसार मलेशिया-इंडोनेशियातली टोमिस्टोमा ही लांब जबड्याची मगरवर्गीय जात त्याची सख्खी भावंड, आणि दोघांचं नातं आपल्या मगरीशी जवळचं. मला डीएनएची बाजू पटते. मासे पकडायला लांब अरुंद जबडा सोयीचा, त्यामुळे तो निरनिराळ्या कुळांत पुन्हा पुन्हा घडला. जबड्यावरून कूळ ठरवणं म्हणजे फेट्यावरून आडनाव ओळखणं.

केमनच्या कुळाबद्दल मात्र असा वाद नाही. त्यांचं कूळ अ‍ॅलिगेटर या मगरीच्या दूरच्या भाऊबंदाचं, आणि ते मगरींपासून डायनोसोर हयात असतानाच वेगळं झालं. मगरींच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. केमनला त्या कामाच्या नाहीत, त्यामुळे खारं पाणी त्यांना मानवत नाही. डायनोसोर संपल्यानंतर लवकरच अर्जेंटिनाच्या थरांत केमन दिसू लागतात. आज त्यांच्या सहा जाती उरल्यात.

त्यांचा खरा बहर मायोसीन काळातला, म्हणजे सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा. अँडीज पर्वत उंचावत होता आणि पश्चिम अ‍ॅमेझॉनमध्ये अफाट दलदल पसरली होती. पेरूतल्या इक्वितोसजवळ १.३ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत मगरवर्गीयांच्या सात जाती एकत्र सापडल्या. त्यातला एक केमन बोथट दातांनी शिंपले फोडून खाणारा होता. पुरुसॉरस हा सुमारे १० मीटरचा राक्षसी केमन त्याच जमान्यातला. व्हेनेझुएलात मिळालेल्या त्याच्या एका जातीच्या कमरेत दोनऐवजी तीन मणके जुळलेले होते, एवढं वजन पेलायला. पुढे अ‍ॅमेझॉन नदी पूर्वेकडे वाहू लागली, दलदल आटली आणि ही मंडळी संपली. 'मगर कोट्यवधी वर्षं बदललीच नाही' हे वाक्य लिहिणाऱ्यांनी हा शिंपलेखाऊ एकदा बघावा.

याहून मागचं थोडक्यात: मगरींचं व्यापक घराणं सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचं. त्यात जमिनीवर धावणारेही होते, पूर्ण समुद्री झालेलेही.

आपल्याकडच्या खडकात असे जीवाश्म शोधण्यात अर्थ नाही. निपाणी-चिकोडीखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, आणि गोकाकच्या धबधब्याचा खडक तर पाठीच्या कण्याचे प्राणीच नव्हते तेव्हाचा. हिमालयाच्या पायथ्याशी, शिवालिकच्या थरांत, मात्र मगरीचे आणि घडियालाच्या गोतावळ्याचे जुने अवशेष मिळतात.

पुरानंतर कुठे जबडा दोरखंडानं बांधलेली सुसर पाहायला मिळाली, तर खालचा चौथा दात बघा. मिटल्या तोंडीही तो बाहेर दिसतो. केमनचा वरच्या जबड्यातल्या खळग्यात लपतो.