गॅसवरच्या बॉयलरच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण: अर्ज कुठे अडतो आणि सेफ्टी स्विचची तयारी कशी ठेवायची

नूतनीकरणाचा अर्ज अडकला की मालक पहिला फोन करतो तो फी भरणाऱ्या माणसाला. फी बहुतेक वेळा बरोबर भरलेली असते. अडतं ते दुसरीकडेच. कुणी मुदतीचा अर्थ चुकीचा लावलेला असतो, कुणाकडे बदललेल्या व्हॉल्व्हचा कागद नसतो, आणि कुठे प्रत्यक्ष तपासणीत बर्नर ज्या क्षणी बंद व्हायला हवा त्या क्षणी होत नाही. शेवटचं कारण फक्त प्रमाणपत्रापुरतं नाही, त्यात शेजारी उभ्या असलेल्या अटेंडंटचा, म्हणजे बॉयलर चालवणाऱ्या माणसाचा, जीव आहे. म्हणून त्यावर जास्त लिहितो.

आधी हे बघा की तुमचा बॉयलर कायद्याखाली येतो का. १९२३ चा जुना कायदा जाऊन आता २०२५ चा बॉयलर अधिनियम आला आहे, पण व्याख्या जवळपास तीच आहे. क्षमता २५ लिटरपेक्षा कमी, दाब १ किलो प्रति चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी, किंवा पाणी १०० अंश सेल्सिअसच्या खालीच तापतं, यातलं काहीही एक असेल तर ते भांडं कायद्याच्या अर्थाने बॉयलर नाही. २५ लिटर मोजायचे ते फीड चेक व्हॉल्व्हपासून (जिथून पाणी आत येतं) मेन स्टीम स्टॉप व्हॉल्व्हपर्यंत (जिथून वाफ बाहेर जाते). पुरवठादाराने ‘नॉन आयबीआर आहे (म्हणजे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सच्या बाहेरचा), काही लागत नाही’ असं तोंडी सांगितलं असेल तर त्यावर विसंबू नका, क्षमतेचा आकडा ड्रॉइंगवर लिहून घ्या. आणि बॉयलर कायद्याच्या बाहेर असला तरी गॅस तोच असतो. खाली लिहिलेल्या स्विचच्या चाचण्या त्यालाही तितक्याच लागू आहेत.

आता मुदत. प्रमाणपत्र जास्तीत जास्त १२ महिन्यांचं असतं. मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज केला असेल, तर निर्णय येईपर्यंत जुन्या प्रमाणपत्रावरच्या दाबाने बॉयलर चालवता येतो. इथेच लोक फसतात. ‘संपण्याआधी’ म्हणजे एक दिवस नंतरसुद्धा चालत नाही. मुदत संपल्यावर अर्ज केला तर मधल्या काळात बॉयलर चालवायचा अधिकारच उरत नाही, मग ऑर्डरची कितीही घाई असो. ऑनलाइन अर्ज अर्धवट भरून ठेवला, फी अडकली, आणि तारीख निघून गेली, असंही पाहिलं आहे. पोचपावती हातात येईपर्यंत अर्ज झाला असं समजू नका. निदान महिनाभर आधी कामाला लागा.

ही सवलत आणखी एका बाबतीत मिळत नाही. मुदत शिल्लक असतानाही काही कारणांनी प्रमाणपत्र आपोआप रद्द होतं: अपघात झाला, बॉयलर एका जागेवरून दुसरीकडे हलवला, किंवा त्याच्या रचनेत बदल केला तर. तेलावरचा बॉयलर गॅसवर आणणारे बहुतेक जण म्हणतात, ‘साहेब, फक्त बर्नर बदललाय.’ पण नवा बर्नर बसवताना समोरची प्लेट कापली, वेल्डिंग केलं, दाबाखालच्या भागाला हात लागला, तर मुख्य निरीक्षकांची लेखी मंजुरी आधी लागते. हात लागला की नाही याची शंका असेल तर काम सुरू करायच्या आधी पत्र द्या आणि उत्तर येईपर्यंत थांबा. काम झाल्यावर दिलेलं पत्र मंजुरी मागत नाही, कबुली देतं.

अपघाताचं कळवायला २४ तास आहेत. भट्टीत साचलेला गॅस पेटून ‘धप्प’ झालं आणि मागचं दार उडालं, तर ते दार बसवून गप्प राहण्याकडे कल असतो. कृपा करून तसं करू नका. त्या धक्क्याने ट्यूबप्लेट किंवा भट्टीची नळी वाकली असेल तर ती बाहेरून दिसत नाही.

अर्ज आल्यावर निरीक्षक तारीख ठरवतात आणि किमान १० दिवस आधी कळवतात. त्या दिवशी बॉयलर गार, रिकामा, आतून साफ आणि मॅनहोल उघडे ठेवलेला हवा. योग्य कारणाशिवाय तो तयार नसेल तर निरीक्षक तपासणी नाकारू शकतात, आणि पुन्हा अर्ज, पुन्हा फी मागितली जाऊ शकते. गॅसवरच्या बॉयलरला एक तयारी जास्तीची लागते: भट्टीत माणूस शिरण्याआधी गॅसची लाइन नुसता व्हॉल्व्ह फिरवून बंद करू नका, फ्लँज (पाइपचा जोड) खोलून मध्ये ब्लाइंड प्लेट, म्हणजे भोक नसलेली सलग पत्रा-चकती, घाला. व्हॉल्व्ह गळू शकतो.

कागदांपैकी नोंदणीची वही, आधीचं प्रमाणपत्र, फीची पावती आणि अटेंडंटचं प्रमाणपत्र बहुतेकांकडे असतं. अटेंडंटचा वर्ग तुमच्या बॉयलरच्या हीटिंग सरफेसला (उष्णता घेणाऱ्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाला) पुरतो का, एवढं बघा. जो कागद कुणाकडेच नसतो तो म्हणजे फॉर्म ३-सी. सेफ्टी व्हॉल्व्ह, वॉटर गेज, ब्लोडाऊन व्हॉल्व्ह, फीड चेक व्हॉल्व्ह अशा बॉयलरवरच्या माउंटिंगचं हे उत्पादन आणि चाचणीचं प्रमाणपत्र आहे. मूळ बॉयलरबरोबर तो येतो. पण तीन वर्षांपूर्वी रात्री सेफ्टी व्हॉल्व्ह गळायला लागला, सकाळी बाजारातून नवा आणला, आणि बिलाबरोबर एक झेरॉक्स मिळाली. त्या झेरॉक्सवरचा नंबर आणि व्हॉल्व्हच्या अंगावर ठोकलेला नंबर जुळत नसेल तर तो कागद शून्य. खरेदी करतानाच, दुकानात उभं राहून दोन्ही नंबर जुळवून बघा. नंतर विक्रेता ओळख दाखवत नाही.

गॅस ट्रेनमधले, म्हणजे बर्नरला गॅस पुरवणाऱ्या लाइनवरचे, आणि बर्नरचे भाग मात्र फॉर्म ३-सीमध्ये येत नाहीत. सोलेनॉइड व्हॉल्व्ह, गॅस प्रेशर स्विच, बर्नर कंट्रोलर, फ्लेम सेन्सर यांची उत्पादकांची प्रमाणपत्रं वेगळी असतात आणि ती बहुतेक वेळा बर्नरच्या खोक्याबरोबर रद्दीत जातात. ती शोधा, नाहीतर उत्पादकाकडून सीरियल नंबर देऊन पुन्हा मागवा.

आता स्विच. एका कारखान्यात फाइल अगदी नीटनेटकी होती. मी अटेंडंटला म्हटलं, ‘दादा, फीड पंप बंद करा, बर्नर चालू राहू द्या, पाणी हळूहळू उतरू द्या.’ आम्ही दोघं गेज ग्लाससमोर उभे राहिलो, माझा हात बंद करायच्या बटणावर. पाणी खालच्या खुणेला आलं, खुणेच्या खाली गेलं, काचेत दोन बोटं उरलं. बर्नर पेटलेलाच. मी बटण दाबलं. पॅनल उघडलं तर लो वॉटर स्विचच्या (पाणी कमी झालं की बर्नर बंद करणाऱ्या) दोन टर्मिनलमध्ये वीतभर लाल वायर, छान क्रिम्प केलेली. ‘मोब्री सारखी ट्रिप व्हायची, म्हणून लूप मारला होता,’ असं उत्तर मिळालं. मोब्री म्हणजे तो फ्लोटवरचा लो वॉटर स्विच, आणि लूप म्हणजे स्विचला वगळून थेट जोडलेली वायर. कधी मारला होता, ते कुणालाच आठवत नव्हतं.

लूप आळसाने मारला जात नाही, विनाकारण होणाऱ्या ट्रिपिंगला वैतागून मारला जातो. म्हणून कारण शोधा. फ्लोट चेंबरमध्ये गाळ बसला असेल, तर त्याचं ब्लोडाऊन (पाणी सोडून गाळ बाहेर काढणं) रोज होत नसणार. गॅसच्या लो प्रेशरवर ट्रिप होत असेल, तर स्विचची सेटिंग खाली आणण्याआधी फिल्टर आणि रेग्युलेटर बघा. फ्लेम फेल येत असेल, तर फोटोसेलची (ज्योत बघणाऱ्या सेन्सरची) काच पुसा. गंमत नाही, हे खरोखर घडतं: पंख्याच्या एअर स्विचला लूप मारला तर बरेच कंट्रोलर सुरूच होत नाहीत, कारण पंखा फिरण्याआधी तो स्विच उघडा आहे ना, हे ते तपासून घेतात. लो वॉटरच्या स्विचला अशी राखण नसते. म्हणूनच लूप तिथे सापडतो.

तपासणीच्या आधी निदान एवढं स्वतः करून बघा. पाण्याच्या पातळीची चाचणी वर सांगितली तशी, सावकाश. झटकन ब्लोडाऊन केलं की फ्लोट खाली आदळतो आणि अडकलेला स्विचही चालल्यासारखा वाटतो. दोन स्वतंत्र लो वॉटर यंत्रणा असतील तर एकेक करून तपासा, आणि दुसरी ट्रिप झाल्यावर हाताने रीसेट केल्याशिवाय बर्नर पेटता कामा नये. दाबाचंही तसंच: रोजचा कंट्रोल स्विच आधी, त्याच्या वर हाताने रीसेट होणारा हाय लिमिट, आणि सगळ्यात शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह. सेफ्टी व्हॉल्व्ह रोज उडत असेल तर आधीचे दोन्ही स्विच आपलं काम करत नाहीत.

ज्योतीसाठी, बर्नर चालू असताना फोटोसेल बाहेर काढून झाका. गॅसचे दोन्ही सोलेनॉइड लगेच बंद झाले पाहिजेत. फोर्स्ड ड्राफ्ट (पंख्याने हवा ढकलणाऱ्या) बर्नरला युरोपीय मानकात यासाठी १ सेकंदाची मर्यादा आहे. बॉयलर २४ तासांपेक्षा जास्त सलग चालत असेल तर फोटोसेल स्वतःची तपासणी करणारा हवा. ज्योत ओळखणारी साधी यूव्ही (अतिनील) ट्यूब बिघडली तर ज्योत नसताना ज्योत दाखवू शकते, आणि ती चूक कंट्रोलरला फक्त पुन्हा सुरू होताना कळते. गॅसचे सोलेनॉइड एकापुढे एक दोन असतात ते एक गळला तर दुसऱ्याने धरावं म्हणून. ते गळत नाहीत ना हे बघणारी यंत्रणा १२०० किलोवॉटच्या वरच्या बर्नरला त्याच मानकात सक्तीची आहे. म्हणजे ढोबळमानाने ताशी दीड-पावणेदोन टन वाफेचा बॉयलर.

या चाचण्यांची नोंद ठेवा. तारीख, स्विचचं नाव, सेट केलेला आकडा, प्रत्यक्ष ट्रिप झाला तो आकडा, सही. अर्जाच्या यादीत हा कागद दिसत नाही म्हणून कुणी ठेवत नाही, आणि मग आदल्या रात्री बारा महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात भरल्या जातात. असा तक्ता पाहिला की निरीक्षकाचा फाइलमधल्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास जातो. तीनच महिन्यांच्या खऱ्या नोंदी असतील तर तीनच दाखवा.

प्रमाणपत्र हातात आलं की लगेच त्यावरचा नोंदणी क्रमांक, कमाल दाब आणि मुदतीची तारीख वाचा. दाब आधीपेक्षा कमी करून दिला असेल तर त्याच दिवशी सेफ्टी व्हॉल्व्ह आणि हाय लिमिट नव्या आकड्यावर आणून घ्या, आणि प्रेशर गेजवरची लाल खूणही सरकवा.