ऑर्डर्ड आणि राइटबॅक : ‘जर्नल आहे’ म्हणजे नेमकं काय आहे?

सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर डीटीपीचं काम चालायचं. तिथल्या संगणकांची देखभाल माझ्याकडे होती. ऑगस्ट उजाडला की दिवाळी अंकांची पानं लागायला सुरुवात व्हायची आणि मंडळी रात्री अकरापर्यंत बसलेली असायची. सगळ्या फाइली एका लिनक्स सर्व्हरवर. एका संध्याकाळी पाऊस आला, वीज गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच संपत आलेली होती, त्यामुळे सर्व्हरही तिथल्या तिथे बंद पडला. वीज आल्यावर मशीन अर्ध्या मिनिटात उभं राहिलं. कुठलीही तक्रार नाही, तपासणीत फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था, स्वच्छ. मग ऑपरेटरने एका कथेची टेक्स्ट फाइल उघडली. नाव बरोबर, आकार बरोबर, तारीख बरोबर. पण मजकुराच्या मधोमध, आदल्या आठवड्यात पुसून टाकलेल्या एका लग्नपत्रिकेच्या ओळी.

मालकांना सगळे काकाच म्हणत. काकांनी मला विचारलं, “अरे, तूच म्हणाला होतास ना, हिच्यात जर्नल आहे, वीज गेली तरी काळजी नाही?”

म्हणालो होतो खरा. पण ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं ज्याला माहीत नसतं त्याचं असं नुकसान होतं. एफएसटॅब म्हणजे डिस्कचा कोणता भाग (पार्टिशन) कसा चढवायचा हे सांगणारी फाइल. तिच्यात त्या पार्टिशनच्या ओळीत ‘डेटा=राइटबॅक’ लिहिलेलं होतं. मशीन ज्याने लावलं त्याने वेगासाठी ते घातलं होतं. मूळची ठेवण असते ‘डेटा=ऑर्डर्ड’. दोन्हींत जर्नल असतं, दोन्हींत वीज गेल्यावर मशीन झटकन उभं राहतं, दोन्हींत फाइलसिस्टिम स्वच्छच निघते. म्हणून तर माणसं या दोघांत गल्लत करतात.

जर्नलला आपल्याकडे नेमका जुना शब्द आहे : रोजकीर्द. व्यवहार झाला की तो आधी किर्दीत उतरवायचा, मग सवडीने खतावणीत त्या त्या खात्यावर चढवायचा. खतावणी अर्धवट राहिली तरी किर्द पाहून ती पुरी करता येते. फाइलसिस्टिमची खतावणी म्हणजे कोणती फाइल कोणत्या फोल्डरात आहे, तिचा आकार किती, तिचे ठोकळे डिस्कवर कुठे आहेत, कोणते ठोकळे मोकळे आहेत, याचा हिशेब. यालाच मेटाडेटा म्हणतात. ईएक्सटी-२ या लिनक्सच्या जुन्या फाइलसिस्टिममध्ये किर्द नव्हती. मशीन अचानक बंद पडलं की सगळी खतावणी पहिल्या पानापासून तपासावी लागे, आणि मोठ्या डिस्कवर त्यात तास जात. स्टीफन ट्वीडी यांनी त्याच ईएक्सटी-२ ला जर्नल जोडून ईएक्सटी-३ तयार केली. नोव्हेंबर २००१ मध्ये, २.४.१५ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), ती लिनक्सच्या मुख्य धारेत आली. तेव्हापासून मशीन उठताना फक्त किर्द वाचली जाते. ज्या नोंदीखाली ‘पूर्ण’ अशी खूण आहे ती खतावणीत चढते, अर्धवट नोंद सोडून दिली जाते.

पण किर्दीत माल नसतो, मालाची नोंद असते. तुमची कथा, तुमचा हिशेब, तुमचे फोटो हा माल. नोंद आणि माल यांत आधी कोण, एवढ्या एका प्रश्नावर ऑर्डर्ड आणि राइटबॅक वेगळे होतात.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागातलं एखादं गोदाम डोळ्यांसमोर आणा. चौदा नंबरच्या कप्प्यात मागच्या आठवड्यात मिरची होती. तिचा सौदा झाला आणि वहीत कप्पा ‘मोकळा’ म्हणून लिहिला गेला. मात्र डिस्कवर कप्पा मोकळा करणं म्हणजे तो झाडून काढणं नव्हे. फाइल पुसली तरी तिचा मजकूर दुसरं काही वर लिहिलं जाईपर्यंत तिथेच पडून असतो. म्हणजे मिरची तिथेच आहे, फक्त वहीला ती दिसत नाही. आता गुळाची गाडी आली आणि तिला चौदा नंबर मिळाला.

ऑर्डर्डमध्ये हमाल आधी गुळाच्या ढेपी कप्प्यात लावतात आणि मगच दिवाणजी नोंद पक्की करतात. मधेच वीज गेली तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर नोंदही आहे आणि गूळही आहे. नाही तर नोंदच नाही, आणि कप्पा वहीत मोकळाच आहे. राइटबॅकमध्ये दिवाणजी हमालांसाठी थांबत नाहीत. नोंद पक्की होते आणि गूळ त्याच्या सवडीने आत जातो, कधी आधी, कधी नंतर. नेमकी त्या फटीत वीज गेली तर वही सांगते चौदा नंबरला गूळ, आणि दार उघडलं तर मिरची. वही आतून पूर्ण जुळते, म्हणून तपासणी तिला स्वच्छ म्हणते. सदाशिव पेठेतल्या त्या कथेत लग्नपत्रिका आली ती अशी.

यात नुसता मजकूर बिघडण्यापेक्षा गंभीर बाजू आहे. ती मिरची दुसऱ्या कुणाची असू शकते. एकाच सर्व्हरवर अनेकांचं काम असेल तर एकाने पुसलेली पगाराची यादी दुसऱ्याच्या फाइलीत उगवू शकते. राइटबॅकमध्ये अचानक बंद पडण्याच्या थोडं आधी लिहिलेल्या फाइलींत चुकीचा मजकूर दिसू शकतो, हा इशारा कर्नलच्या कागदपत्रांतही दिलेला आहे. दवाखाना, वकील, कर सल्लागार यांच्या मशीनवर राइटबॅक ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

ऑर्डर्डलाही मर्यादा आहेत, आणि त्या फार कमी लोक सांगतात. क्रम पाळला जातो तो नव्याने दिलेल्या कप्प्यांपुरता. आधीपासून असलेल्या फाइलीतल्याच ठोकळ्यावर नवा मजकूर चढवत असाल तर वहीत नवीन कप्पा लिहायचाच नसतो, मग क्रम कशाचा पाळणार? तिथे अर्धं जुनं, अर्धं नवं असं राहू शकतं. तिसरा प्रकार ‘डेटा=जर्नल’ यात मालही आधी किर्दीतून जातो. पण प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागते आणि ईएक्सटी-३ ची पुढची आवृत्ती असलेल्या ईएक्सटी-४ च्या काही सोयी बंद होतात. त्याची गरज मोजक्या ठिकाणी पडते.

मग राइटबॅकचा सल्ला इतका पसरला कसा? त्यामागे खरं कारण होतं. एफसिंक म्हणजे प्रोग्रामने कर्नलला दिलेला आदेश : ही फाइल आत्ता डिस्कवर पोचव, मग मी पुढे जातो. ईएक्सटी-३ मध्ये ऑर्डर्ड असताना एका छोट्या फाइलीसाठी एफसिंक केलं तरी त्या फाइलसिस्टिमवर साचलेला इतर मालही आधी खाली करावा लागे. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आला. तो इतिहास आणि बुकमार्क एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवू लागला आणि वरचेवर एफसिंक करू लागला. मागे मोठी फाइल कॉपी होत असली की लिनक्सवर ब्राउझर सेकंदन् सेकंद गोठायचा. राइटबॅक केलं की तो त्रास कमी व्हायचा. २००९ च्या २.६.३० कर्नलमध्ये तर ईएक्सटी-३ ची मूळची ठेवणच राइटबॅक केली गेली. २०१० मध्ये, २.६.३६ ला, ती पुन्हा ऑर्डर्डवर आणली.

ईएक्सटी-४ डिसेंबर २००८ च्या २.६.२८ मध्ये पक्की झाली आणि तिथे हा त्रास फारसा उरला नाही. कारण तिथे माल आला की लगेच कप्पा ठरत नाही. तो काही काळ मेमरीत थांबतो आणि लिहायची वेळ आली की जागा ठरते. ज्याला अजून कप्पाच दिलेला नाही त्याच्यासाठी दिवाणजींनी थांबायचं कारण नाही. कारण गेलं, सल्ला मात्र राहिला. आजही कुणी नव्या मशीनवर डोळे मिटून राइटबॅक लावतं तेव्हा मला वाईट वाटतं. जोखीम तेवढीच, आणि पदरात पडणारा वेग बहुतेकदा जाणवणारही नाही इतका.

याच उशिरा जागा देण्याने दुसरा धक्का दिला. जर्नल दर ५ सेकंदांनी पक्कं होतं, म्हणून लोकांनी धरून ठेवलं की फार तर पाच सेकंदांचं काम जाईल. ईएक्सटी-४ वर कप्पा न मिळालेला माल साधारण ३० सेकंद मेमरीत राहू शकतो. २००९ मध्ये अनेकांच्या मशीन अचानक बंद पडल्यावर सेटिंगच्या फाइली शून्य आकाराच्या निघाल्या, त्याही ऑर्डर्ड असताना. पुढे २.६.३० मध्ये सुधारणा झाली. जुनी फाइल रिकामी करून पुन्हा लिहिली, किंवा नवी लिहून जुन्या नावावर चढवली, तर कर्नल ते ओळखतो आणि माल लवकर खाली करतो. तरी प्रोग्राम लिहिणाऱ्याने तेवढ्यावर विसंबू नये. नवी फाइल लिहा, एफसिंक करा, मग नाव बदला. ऑर्डर्ड हा क्रमाचा नियम आहे. माल पोचल्याची पावती एफसिंकच देतं.

आणखी एक गोंधळ नावाचा. रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या) किंवा व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्येही ‘राइटबॅक’ दिसतं. तो हा राइटबॅक नव्हे. तिथे प्रश्न कॅशेचा, म्हणजे वाटेतल्या तात्पुरत्या मेमरीचा असतो : डिस्कच्या किंवा कंट्रोलरच्या मेमरीत पोचलेला माल ‘लिहिला’ असं सांगायचं की नाही. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, एक चालू आणि दुसरा बंद असू शकतो. कॅशे असली तरी क्रम राखायला ‘बॅरियर’ हा पर्याय असतो, आणि ईएक्सटी-४ मध्ये तो मुळातच चालू असतो. वेगासाठी तो बंद करू नका. कंट्रोलरला स्वतःची चांगली बॅटरी असेल तरच त्याचा विचार करावा.

राइटबॅकला जागा नाही असं नाही. पोस्टग्रेसक्यूएलसारखा डेटाबेस स्वतःची किर्द ठेवतो आणि स्वतः एफसिंक करतो. त्यामुळे फक्त त्याच्यासाठी राखलेल्या पार्टिशनवर राइटबॅक चालतं, पोस्टग्रेसच्या कागदपत्रांतही तसा उल्लेख आहे. व्हिडिओ रेंडरची तात्पुरती डिस्क, प्रोग्राम बांधतानाचा कच्चा माल, गेलं तर पुन्हा तयार होईल असं काही, तिथेही हरकत नाही. बाकी वेग हवा असेल तर आधी डिस्क बदला. किंवा लहान फाइलींची सतत घडामोड असेल तर जर्नलचा आकार वाढवून पाहा.

आपल्या मशीनवर काय आहे ते पाहायला डीमेसेज या कर्नलच्या संदेशांच्या यादीत ईएक्सटी-४ ची माउंट झाल्याची, म्हणजे पार्टिशन चढल्याची ओळ शोधा, तिथे ‘ऑर्डर्ड डेटा मोड’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नुसत्या माउंटच्या यादीवर जाऊ नका, कारण नव्या कर्नलमध्ये मूळच्या ठेवणीचे पर्याय तिथे दाखवत नाहीत. बदल करायचा तर पार्टिशन उतरवून पुन्हा चढवावं लागतं, चालू असताना रिमाउंटने हा पर्याय बदलत नाही. रूट पार्टिशनच्या, म्हणजे ज्यावर मूळ सिस्टिम असते त्याच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. एफएसटॅबमध्ये तिथे वेगळा मोड लिहिला तर बूट होताना रिमाउंट नाकारलं जाऊ शकतं, रूट फक्त वाचण्यापुरतं चढलेलं राहतं आणि मशीन अर्ध्यावर अडतं. शिवाय हा मोड ट्यून-टू-एफएस या आदेशाने सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या माहितीच्या ठोकळ्यातही नोंदवता येतो, तेव्हा एफएसटॅब कोरं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

काकांच्या सर्व्हरवर मी त्याच रात्री ती ओळ काढली, पार्टिशन उतरवून पुन्हा चढवलं आणि डीमेसेज काकांना दाखवलं. यूपीएसची बॅटरी दुसऱ्या दिवशी आली. कथेचं हस्तलिखित लेखकाने जपून ठेवलं होतं, ऑपरेटरने दोन तासांत ती पुन्हा टाइप केली.