फ्लोरोसंट कापड आणि रिफ्लेक्टिव्ह पट्टी: हॅलोविनच्या संध्याकाळी मुलांच्या अंगावर काय हवे

आपल्या बोलण्यात ‘रेडियम’ हा एकच शब्द कितीतरी वेगळ्या वस्तूंसाठी चालतो. मोटारसायकलच्या मडगार्डवरची पट्टी रेडियमची, दुकानाच्या काचेवर कापून चिकटवलेली अक्षरे रेडियमची आणि मुलांच्या खोलीच्या छतावर रात्री हिरवट दिसणाऱ्या चांदण्याही रेडियमच्याच. यांपैकी कशातही आता रेडियम हे मूलद्रव्य नसते. ते खरोखर वापरले जाई घड्याळांच्या तबकड्यांवरच्या रंगात. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात १९१७ नंतरच्या काळात ओठांनी कुंचल्याला टोक काढून तो रंग भरणाऱ्या तरुण मुलींपैकी अनेकींना त्यापायी जीव गमवावा लागला. शब्द तेवढा आपल्याकडे उरला, आणि तो इतका सैल झाला की अमेरिकेत राहणारे मराठी आईवडील ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी, म्हणजे मुले सोंगे घेऊन घरोघर चॉकलेटे गोळा करत फिरतात त्या सणासाठी, ‘काहीतरी चमकणारे’ आणायला जातात, तेव्हा परस्परांहून अगदी वेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या दोन वस्तूंपैकी कोणतीही एक उचलतात आणि आपले काम झाले असे समजतात. त्या दोन वस्तू म्हणजे फ्लोरोसंट रंगाचे कापड आणि रिफ्लेक्टिव्ह पट्टी.

हा फरक हॅलोविनला विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण मुलांची घरोघर फिरण्याची वेळ उजेड आणि अंधार यांच्या बरोबर सीमेवर येते. अमेरिकेत २००७ पासून, उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली घड्याळे मागे घेण्याचा दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी येतो, त्यामुळे ३१ ऑक्टोबरला उन्हाळी वेळच चालू असते आणि न्यू जर्सीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. धाकटी मुले साडेपाचला निघतात तेव्हा लख्ख दिसत असते. पिशवी भरून ती परततात तेव्हा पूर्ण काळोख झालेला असतो. अमेरिकेतील १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या रस्ते-अपघातांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एक आठवडा आधीच्या आणि एक आठवडा नंतरच्या संध्याकाळींशी तुलना करता हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी अधिक आढळला. ४ ते ८ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तो दहापट होता आणि सायंकाळी सहाच्या आसपास सर्वाधिक होता. चॉकलेटात कोणी काही मिसळले असेल का, या भीतीने आपण रात्री एकेक वेष्टन तपासत बसतो. तेवढीच काळजी मूल रस्ता ओलांडत असतानाही घ्यायला हवी, असे मला फार मनापासून वाटते.

फ्लोरोसंट रंग, म्हणजे तो डोळ्यांत भरणारा पोपटी-पिवळा किंवा भडक नारिंगी, सूर्यप्रकाशातले अतिनील आणि निळे किरण शोषून घेतो आणि ती ऊर्जा आपल्याला दिसणाऱ्या पिवळ्या-नारिंगी प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. त्यामुळे तो साध्या पिवळ्यापेक्षा कितीतरी उजळ दिसतो, आणि ढगाळ दिवशी किंवा सूर्य मावळल्यानंतरच्या संधिप्रकाशात तर तो विशेष उठून दिसतो, कारण त्या वेळच्या आकाशातून येणाऱ्या प्रकाशात निळ्याचा अंश भरपूर असतो. मात्र हा कच्चा माल संपला की रंगाचे कामही संपते. गाडीच्या दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतातच, त्यामुळे काळोखात तेच कापड एखाद्या सामान्य पिवळ्या शर्टासारखे दिसते.

रिफ्लेक्टिव्ह पट्टीचे नेमके उलटे आहे. दिवसा ती राखाडी आणि मळकट दिसते, म्हणूनच दुकानात ती कोणाच्या नजरेत भरत नाही. तिच्या पृष्ठभागावर केसाच्या जाडीच्या आसपासचे असंख्य काचमणी बसवलेले असतात. प्रकाशाचा किरण मण्यात शिरताना वाकतो, मागच्या चंदेरी थरावर आदळतो आणि ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. आरशावर तिरपा पडलेला प्रकाश भलतीकडे जातो. इथे तो दिव्याकडेच परततो. चालकाचा डोळा दिव्यापासून फारसा दूर नसल्याने परतणाऱ्या प्रकाशाच्या त्या अरुंद झोतात तो येतो आणि त्याला पट्टी पेटल्यासारखी दिसते. गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉलीमागचा लाल रिफ्लेक्टर दुरून दिसतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

याच कारणामुळे घरातली पारख फसते. ओसरीच्या दिव्याखाली मुलाला उभे करून पाहिले, तर पट्टी छतावरच्या दिव्याकडे प्रकाश परतवत असते, आपल्या डोळ्यांकडे नव्हे. आपल्याला ती निकामी वाटते आणि शेजारचा भडक पिवळा टी-शर्ट उत्तम वाटतो. खरी परीक्षा अशी करावी: दिवे मालवावेत, मुलापासून दहा-पंधरा पावले मागे जावे आणि टॉर्च आपल्या कानशिलाला लावून धरावी. चालकाला जे दिसेल ते साधारण तेव्हा दिसते. तीच टॉर्च हात लांब करून बाजूला धरली की पट्टीची चमक पुष्कळ कमी होते, आणि परावर्तनाचे सारे मर्म तेवढ्यात समजते.

दोन्ही गुण एकत्र करता येतात. अमेरिकेतल्या शाळांजवळचे पोपटी-पिवळे फलक पाहावेत: त्यांचा रंग फ्लोरोसंट आहे आणि पृष्ठभाग परावर्तक. पोशाखातही तसे करता आले तर उत्तम. पण एकाचीच निवड करायची असेल, तर मी निःशंकपणे पट्टी घेईन, कारण फेरीचा उत्तरार्ध अंधारातच होतो.

पट्टी कोठे लावावी याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. पाठीवर लावलेली पट्टी झग्याखाली झाकली जाते. शिवाय गाडीचे खालचे दिवे रस्त्यालगत पडतात, म्हणून मुलाचे पाय आधी उजळतात. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की अंधारात केवळ सांध्यांवरचे प्रकाशबिंदू हलताना दिसले तरी पाहणाऱ्याला चालणारा माणूस तत्काळ ओळखू येतो. छातीवरचा स्थिर ठिपका टपालपेटीचा असू शकतो. घोट्यांवर आणि मनगटांवर हलणाऱ्या पट्ट्या माणसाच्याच असतात. म्हणून दोन्ही घोट्यांभोवती, दोन्ही मनगटांवर आणि झुलणाऱ्या पिशवीवर पट्टी लावावी.

हे क्षणांचे गणित आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर कापते. चालकाला ब्रेकवर पाय ठेवायला दीड सेकंद लागला, तर गाडीचा वेग कमी होऊ लागण्यापूर्वीच ती जवळपास १७ मीटर पुढे आलेली असते.

पट्टीला मर्यादा आहेतच. दिवे न लावता अंगणातून उलट येणाऱ्या गाडीपुढे ती मुकीच राहते. उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या फटीतून मूल एकदम बाहेर आले, तर पट्टीवर प्रकाश पडेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे रस्ता कोपऱ्यावरूनच ओलांडावा. अशा ठिकाणी स्वतःचा प्रकाश असलेली वस्तू, म्हणजे हातातली टॉर्च, उपयोगी पडते. छतावरच्या चांदण्यांसारखा अंधारात हिरवट दिसणारा रंग मात्र रस्त्यावर भरवशाचा नाही. त्यात साठलेला प्रकाश थोड्याच वेळात मंदावतो.

आणि पट्टीचा गुंडाळा हाती आहेच, तर त्यातले दोन तुकडे मुलांबरोबर चालणाऱ्या मोठ्या माणसाच्या काळ्या जॅकेटच्या बाह्यांवर आणि बाबागाडीच्या दांड्यांवरही लावावेत, कारण थंडी सुरू झाल्यावर त्या घोळक्यात सर्वांत गडद कपडे बहुधा आईवडिलांच्याच अंगावर असतात.