‘पर्पल ब्लॉच’ ऊर्फ जांभळा करपा : नावामागचा इतिहास

पावसाची झड आठवडाभर टिकली की खेड, जुन्नर, आंबेगावकडच्या कांद्याच्या शेतांवर एकच बोलणं सुरू होतं : करपा आला. कृषी सेवा केंद्रात औषधाचं लेबल वाचायला घ्यावं, तर तिथे ‘पर्पल ब्लॉच’ छापलेलं असतं. पर्पल समजतं, ब्लॉच म्हणजे काय?

इंग्रजीत ‘स्पॉट’ हा नेटका ठिपका. ‘ब्लॉच’ त्याहून मोठा, वेडावाकडा, कडा कुठे संपते ते धड न सांगणारा. ॲलर्जीने गालावर उठलेले लाल चट्टे, कागदावर फुटलेली शाई, ओल आलेल्या भिंतीवरचे डाग, सगळ्यांना हाच शब्द चालतो. सतराव्या शतकापासून तो इंग्रजीत दिसतो. डाग या अर्थाचा ‘ब्लॉट’ आणि फोड किंवा गळू या अर्थाचा जुना ‘बॉच’ यांच्या सरमिसळीतून तो आला असावा, असं मानतात. म्हणजे त्वचेशी त्याचं नातं जुनंच. पिकांच्या रोगांना नावं देणाऱ्यांनी तो पुढे पानांवर आणला.

कांद्यावर हा डाग पाडणाऱ्या बुरशीचं पहिलं वर्णन अमेरिकन बुरशीतज्ज्ञ जॉब बिकनेल एलिस यांनी 1879 मध्ये केलं. 1930 मध्ये इटालियन अभ्यासक चिफेरी यांनी तिला आजच्या कुळात टाकलं आणि नाव झालं ‘अल्टरनेरिया पोरी’. (आपल्याकडच्या पोरींचा यात काही दोष नाही. लॅटिनमध्ये ‘पोरम’ म्हणजे लीक, कांद्याचाच भाऊबंद.)

चट्टा जवळून पाहण्यासारखा असतो. आधी पातीवर पांढुरका, किंचित खोलगट ठिपका. तो लांबट होत जातो, मधोमध जांभळट रंग धरतो, भोवती पिवळी कडा येते. जुन्या चट्ट्यात एकात एक वलयं दिसतात. पात तिथेच मोडून लोंबते. हवेत भरपूर दमटपणा आणि 21 ते 30 अंश तापमान असलं की फैलाव झपाट्याने होतो. त्यात फुलकिड्यांनी पात खरवडून ठेवलेली असेल, तर बुरशीला दार उघडंच.

इंग्रजी नाव डाग कसा दिसतो ते सांगतं, मराठी नाव पिकाचं काय होतं ते. भाकरी करपावी तशी पात शेंड्याकडून वाळते, म्हणून करपा. शब्द चपखल आहे, पण जरा जास्तच उदार. स्टेमफिलियम बुरशीचा तपकिरी करपा आणि कोलेटोट्रिकमचा काळा करपा, हे दोघेही त्याच नावाखाली येतात. काळा मुख्यतः खरिपात, तपकिरी रब्बीत, आणि जांभळा दोन्हीकडे. राजगुरुनगरला 1998 मध्ये नाशिकहून राष्ट्रीय कांदा-लसूण संशोधन केंद्र आलं. तिथल्या शिफारशींत हे तिन्ही करपे वेगवेगळे सांगितलेले असतात. कांद्याची पात मेणचट, त्यावर पाणी ठरत नाही, म्हणून फवारणीत स्टिकर, म्हणजे औषध पातीला चिकटवून धरणारं द्रव्य, मिसळायला सांगतात, तेही सगळ्याच करप्यांना लागू.

बियाण्याच्या प्लॉटला जांभळ्याचा फटका जास्त. पात गेली तर कांदा बारीक राहतो, एवढ्यावर भागतं. पण डेंगळ्यावर, म्हणजे बी धरणाऱ्या दांड्यावर, चट्टा बसला की तो दांडा वरच्या फुलांच्या गोंड्याच्या वजनाने तिथेच मोडतो, बी पोचट राहतं आणि पुढच्या हंगामाला बियाणं विकत आणावं लागतं.