‘शार्क आहेत का हो तिकडे?’ : केप कॉडला कयाक घेणाऱ्यांसाठी

केप कॉड म्हणजे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं समुद्रात शिरलेलं भूशिर; इथे आम्ही कयाक, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या, भाड्याने देतो. जुलै लागला की फोनवर पहिला प्रश्न ठरलेला : “दादा, शार्क आहेत का हो तिकडे?” आणि तोच माणूस दोन तासांनी कयाक परत करायला येतो, तेव्हा मोठ्या कौतुकाने मोबाइल पुढे करतो. फोटोत सील. वीस फुटांवरून काढलेला, मिशा मोजता येतील इतका स्पष्ट. हे पत्रक त्या फोटोमुळे लिहावं लागलं.

आधी प्रश्नाचं उत्तर. हो, आहेत. ग्रेट व्हाइटच, म्हणजे तो मोठा पांढरा शार्क. जूनपासून दिसायला लागतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर त्यांची खरी गर्दी. 2015 ते 2018 या चार वर्षांत केपच्या किनाऱ्यावर सुमारे 800 वेगवेगळे शार्क येऊन गेले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. एका वेळी 800 नव्हेत हो. येतात, थोडे रेंगाळतात, पुढे जातात. आम्ही मूळचे मालवणचे, मोरीचं, म्हणजे शार्कचं, मटण खाऊन वाढलेले. इथली मोरी बारा फुटांची असते, तेव्हा कोणी कोणाला खायचं हा प्रश्न आम्ही उघड्यावर काढत नाही.

ते आले कशासाठी, हे एकदा कळलं की बाकीचे नियम सांगावे लागत नाहीत. आले ते सीलसाठी. मासे फस्त करतात म्हणून इथल्या मच्छीमारांचा सीलवर पूर्वीपासून राग. 1888 पासून 1962 पर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये सील मारायला बक्षीस मिळत असे. नाक कापून आणून दाखवायचं आणि पैसे घ्यायचे. हजारोंनी मारले, आणि किनाऱ्यावर सील दिसेनासे झाले. मग 1972 मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. केपजवळच्या मस्केगेट बेटावर, मोनोमॉयच्या वाळूवर हळूहळू ग्रे सील परत आले, पिल्लं घालू लागले. त्यातला पूर्ण वाढलेला नर आठशे पौंडांपर्यंत भरतो. एवढं चरबीदार ताट किनाऱ्याला लागून मांडलेलं, तर खाणारा येणारच. अमेरिकेच्या अटलांटिक पाण्यात ग्रेट व्हाइट पकडून ठेवायलाही 1997 पासून बंदी. 2009 च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या मत्स्य विभागाचे शास्त्रज्ञ ग्रेग स्कोमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केपवरच्या चॅटम गावाजवळ या शार्कना पहिल्यांदा टॅग (माग ठेवायची खूणयंत्रं) लावले, तेव्हापासून दरवर्षीचा हिशोब आहे.

पुष्कळांना वाटतं, शार्क म्हणजे खोल समुद्रातली गोष्ट. इथे उलट आहे. सील उथळात असतात म्हणून शार्कही उथळात येतो. टॅग लावलेल्या शार्कांचा जवळजवळ निम्मा वेळ पंधरा फुटांपेक्षा कमी पाण्यात जातो, असं 2021 च्या एका अभ्यासात दिसलं. समुद्राकडच्या किनाऱ्यावर वाळूचे दांडे आहेत आणि दांडा व किनारा यांच्या मधे खोलगट चर. शार्क त्या चरातून फिरतो. म्हणून ‘आम्ही कमरेएवढ्या पाण्यातच होतो’ याला इथे फारसा अर्थ नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या बोटी आम्ही टाऊन कोव्ह या आतल्या खाडीतून सोडतो. तिथून नॉसेटच्या खाजणातून पुढे जाता येतं. दोन्हीकडे हिरवं गवत, मधे पाण्याच्या वाटा, वर एखादा ऑस्प्री, मासे पकडणारा शिकारी पक्षी, घिरट्या घालत असतो. खाजण जिथे समुद्राला मिळतं त्या मुखाशी वाळूवर सील पडलेले असतात. नकाशावर आम्ही लाल पेनाने रेघ मारून देतो : इथून मागे फिरा. आणि दर आठवड्याला कोणीतरी ती रेघ ओलांडतंच. ‘जरा जवळून बघू’ म्हणून दोनशे फूट, मग अजून शंभर.

मग काय होतं? ओहोटी लागली की खाजणातलं सगळं पाणी त्या एका तोंडातून बाहेर धाव घेतं आणि तुम्हालाही घेऊन निघतं. वल्हं मारून हात भरून येतात, किनारा जागचा हलत नाही. मग फोन. मग मी मोटरबोट काढणार, तुम्हाला ओढून आणणार, आणि तोवर साडेअकराच्या वेळेची दोन कुटुंबं लाइफजॅकेट घालून धक्क्यावर उन्हात उभी. गेल्या हंगामात एका गृहस्थांनी वर मलाच विचारलं, “पण तुम्ही आम्हाला उगाच घाबरवता, असं नाही का वाटत?” त्यांच्या बोटीच्या मागे तेव्हा सीलची तीन डोकी वर आली होती.

घाबरवत नाही. 2014 च्या सप्टेंबरमध्ये याच राज्यातल्या प्लिमथजवळ दोन मुली कयाकमधून सीलचे फोटो काढत होत्या. शार्कने एक कयाक चावली, दोघीही पाण्यात पडल्या. सुदैवाने दोघींनाही इजा झाली नाही. 2018 मध्ये केपवरच्याच वेलफ्लीटला बूगी बोर्डवर (लाटांवर पोटावर झोपून घसरायची फळी) असलेला एक तरुण मात्र गेला. 1936 नंतर या राज्यातला तो पहिला मृत्यू. तोही सप्टेंबरच्या मध्यावर, लाइफगार्डचा हंगाम संपल्यावर. सीलपासून दीडशे फूट लांब राहा असं सरकारही सांगतं, ते आधी सीलला त्रास नको म्हणून. आम्ही त्यात तुमचाही विचार धरतो.

म्हणून आमची वेळ भरतीवर ठरते, तुमच्या ब्रंचवर नाही. भरतीच्या आधी अडीच तास आम्ही सोडतो. जाताना पाणी अंगावर येतं, थोडं वल्हवावं लागतं. परत येताना उरलीसुरली भरतीच आणून सोडते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे ‘शनिवारी दहाला मिळालं, मग रविवारी दहाला का नाही’ हे भांडण माझ्याशी नको, चंद्राशी करा. आणि मोबाइलवर बाहेरच्या किनाऱ्याची वेळ बघून येऊ नका. आत कोव्हमध्ये भरती उशिरा पोहोचते. बुकिंग केल्यावर आम्ही जी वेळ कळवतो तीच धरा.

रेघेपलीकडून ओढून आणावं लागलं तर वेगळे पैसे लागतात. सहीच्या कागदावर ते लिहिलेलं आहे, वाचून सही करा. पाऊस-विजांमुळे आम्ही फेरी रद्द केली तर सगळे पैसे परत. पण समुद्राकडच्या बीचवर शार्क दिसला, तासाभरासाठी पोहणं बंद केलं, जांभळा झेंडा दिसला, म्हणून खाजणातली फेरी आम्ही रद्द करत नाही आणि पैसेही परत देत नाही. तो झेंडा शार्क या पाण्यात असतात हे सांगायला आहे; समुद्राकडे तो हंगामभर दिसेल.

आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि कोणाचाच धीर होत नसेल, तर आधी फोनवर सांगा. जवळच्या ब्रूस्टर गावातल्या निकरसन स्टेट पार्कमध्ये क्लिफ पॉन्ड आहे, हिमयुगातल्या बर्फाच्या लाद्या वितळून तयार झालेलं गोड्या पाण्याचं तळं. शार्क नाहीत, भरती नाही, लाटा नाहीत. दोन माणसांची रुंद कयाक आम्ही गाडीवर बांधून देतो, पट्टे आमचेच. संध्याकाळी ओहोटी असेल तर ब्रूस्टरच्या उपसागराकडच्या (बे) किनाऱ्यावर पाणी मैलभर मागे जातं, तिथे आजी-आजोबा नातवंडांना घेऊन ओल्या वाळूत अनवाणी हिंडू शकतात. त्याला आमची बोटही लागत नाही.

आणि फोटोचं म्हणाल, तर दुकानात चार दुर्बिणी ठेवल्यात. कयाकबरोबर फुकट. मोबाइल दुर्बिणीच्या काचेला टेकवून फोटो कसा काढायचा ते माझी मुलगी दाखवते, रेघेच्या अलीकडूनसुद्धा मिशा येतात. फक्त दुर्बीण गळ्यात अडकवा. दोन यापूर्वीच कोव्हच्या तळाशी गेल्या आहेत.