चवड्यावरची गिरकी

पवित्र्यात उभा असलेला बॉक्सर जेमतेम ५ सेंटिमीटर उसळला, तरी त्याचे पाय सुमारे ०.२ सेकंद जमिनीपासून सुटलेले असतात. समोरून ठोसा निघालेला दिसल्यावर हालचाल सुरू करायलाही माणसाला साधारण एवढाच वेळ लागतो. आणि हवेत असताना दिशा बदलता येत नाही, कारण रेटा द्यायला पायाखाली काही नसतं. हीच उसळी १ सेंटिमीटरवर आणली की हवेतला वेळ ०.०९ सेकंदांवर येतो. चांगलं पदलालित्य बघायला उड्यांचं वाटतं, पण ते खरं म्हणजे जमीन न सोडण्याचं कसब आहे. पिव्हटमध्ये, म्हणजे पुढच्या पायावर घेतलेल्या गिरकीत, ते सगळ्यात स्पष्ट दिसतं.

उजव्या हाताच्या बॉक्सरचा डावा पाय पुढे असतो. पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे सैल, मागची टाच २-३ सेंटिमीटर उचललेली. आता वजन डाव्या चवड्यावर घ्या, डावी टाच किंचित उचला आणि बाहेरच्या बाजूला फिरवा. त्याच वेळी उजव्या पायाने जमिनीला रेटा देऊन तो मागून डावीकडे कमानीत न्या. शरीर उजवीकडे वळतं. तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या समोरच्या रेषेतून बाहेर पडता, त्याला मात्र आधी पाय वळवून तुमच्याकडे तोंड करावं लागतं. डाव्या हाताच्या हुकमध्ये, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशात, अंग याच दिशेने फिरतं, म्हणून हुक आणि पिव्हट यांची जोडी जमते.

चवडाच का? भोवरा बारीक आरेवर उभा असतो तोवर फिरतो. आडवा पडला की पृष्ठभाग जमिनीला घासून थांबतो. पायाचंही तसंच आहे. चवड्यावर वजन असताना जमिनीला टेकलेला भाग लहान असतो, त्यामुळे घर्षण वळणाला फारसं अडवत नाही. पूर्ण तळवा टेकलेला असला की टाच आणि बोटं दोन्ही टोकांना अडकतात. पाय जागीच, मांडी मात्र वळते आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. कूर्चा (हाडांमधली गादी) आणि अस्थिबंध (हाडं बांधून ठेवणारे पट्टे) दुखावण्याचा धोका असतो तो इथेच.

दुसरी चूक फार फसवी आहे. गिरकी घेताना मागचा पाय आपोआप पुढच्या पायाजवळ येतो. वस्तुमान अक्षाजवळ आलं की वळणं सोपं होतं, त्यामुळे ‘आज चपळ झालो’ असं वाटतं. पण पायांमधला पाया अरुंद झालेला असतो आणि त्या क्षणी खांद्याला लागलेला हलका धक्काही तोल घालवतो. पाय वळून थांबतील तेव्हा अंतर पुन्हा खांद्यांइतकंच हवं.

युक्रेनचा वासिल लोमाचेन्को (२००८ बीजिंग आणि २०१२ लंडन, दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्ण) हा बॉक्सर डावखुऱ्या पवित्र्यात, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवून लढायचा, म्हणून त्याचं सगळं उलट. उजव्या हाताच्या प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या पायाच्या बाहेर तो आपला उजवा पाय ठेवायचा, मग त्यावर वळून त्याच्या डाव्या कुशीला यायचा. आधी पाऊल, मग गिरकी. हा क्रम चुकला तर वळून पुन्हा समोरच्याच्या रेषेत उभं राहायची वेळ येते. लहानपणी वडिलांनी त्याला पारंपरिक नृत्य शिकायला लावलं होतं, आणि त्याच्या पायांकडे बघताना त्याचं नवल वाटत नाही.

सराव असा करा. जमिनीवर चिकटपट्टीने अधिकचं चिन्ह करा आणि पुढच्या बुटाच्या चवड्याखाली खडू लावून तो चवडा चिन्हाच्या मध्यावर ठेवा. पहिल्या आठवड्यात हात न चालवता फक्त ४५ अंशांची गिरकी, ९० अंशांची नको. ३ मिनिटांच्या ४ फेऱ्या, मध्ये १ मिनिट विश्रांती. प्रत्येक गिरकीनंतर क्षणभर थांबून पायांतलं अंतर बघा. मग खडूचा ठसा बघा: गोल पुसलेला असेल तर बरोबर, लांबट रेघ उमटली असेल तर पाय घसरला, म्हणजे वजन चवड्यावर पूर्ण आलंच नव्हतं. ठसा रोज गोल यायला लागला की गिरकीआधी जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) जोडा, हुक त्यानंतर.

रबरी मॅट बुटाला फार धरते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली तर तिथेच थांबा आणि आधी मॅट बदला. कॅनव्हासवर किंवा लाकडी जमिनीवर तीच गिरकी बहुधा मोकळी होते. तिथेही कळ राहिली, तर सराव बंद ठेवून डॉक्टरांना गुडघा दाखवा.